दसऱ्याच्या सुट्टीत इंदूरभोवती: मुलांना घेऊन पायी

दोन घरची मंडळी, तीन ते नऊ वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, असा हा जथा होता. मुक्काम रोज इंदुरात घरीच. सकाळी सातच्या आत निघायचं आणि उन्हं चढायच्या आत बरंचसं चालून घ्यायचं. दसऱ्याच्या सुमाराला माळव्यात पाऊस उघडलेला असतो, ओढे वाहते असतात, सोयाबीनची कापणी सुरू असते आणि दुपार मात्र चटके देते. म्हणून सगळा भर सकाळवर ठेवला.

आधी चालीचा हिशेब सांगून टाकतो, कारण बहुतेक सहली इथेच फसतात. तीन-चार वर्षांचं मूल मोकळं सोडलं तर तासाभरात एक-दीड किलोमीटर जातं, कारण त्याला प्रत्येक मुंगळ्यापाशी थांबायचं असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला थांबत थांबत तीन-चार किलोमीटर झेपतात, आठ-नऊच्या मुलाला पाच-सहा. जथ्याची चाल सगळ्यात लहान मुलाची धरायची आणि वाट अशी निवडायची की तिच्या शेवटी करण्यासारखं काहीतरी असेल. नुसतं ‘दृश्य’ मुलांना पुरत नाही. पाणी, दगड, बोगदा, होडी असलं काहीतरी हवं.

बुधवार: रालामंडळ

सुरुवातीला घराजवळची टेकडी घ्यावी. रालामंडळ अभयारण्य शहराच्या दक्षिणेला, बायपासच्या पलीकडे आहे. १९८९ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम २.३४ चौरस किलोमीटर, आणि माथ्यावर होळकरांचं १९०५ सालचं शिकारगृह. फाटकाशी तिकीट काढलं की लगेच चढ लागतो. मोठी माणसं पाऊण तासात वर पोचतात, मुलांबरोबर दीड तास धरा. वनखात्याची गाडीही मिळते. आजी आणि सगळ्यात धाकटी गाडीने वर गेल्या आणि उतरताना दोघी चालल्या. हा बेत फार चांगला जमतो, चढाची दमछाक टळते आणि चालल्याचं समाधानही मिळतं. फाटक उघडायच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

वाटेत भेटलेल्या वनरक्षकांनी मुलांना जे दाखवलं ते कुठल्याही फलकावर नव्हतं. वाटेच्या कडेला लेंड्यांचा एक मोठा ढीग होता. ‘नीलगाय रोज त्याच जागी येते’ असं सांगून त्यांनी काठीने जुन्या वाळक्या आणि नव्या ओलसर लेंड्या वेगळ्या करून दाखवल्या. मग पुढची सगळी वाट मुलं खाली बघत चालली. चढाची तक्रार कुणीच केली नाही. चितळाचा खूर आणि नीलगायीचा खूर यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलीला चटकन कळला, एक लहान आणि टोकदार, दुसरा मोठा आणि बोथट. इथे बिबट्याचाही वावर असतो, म्हणून मुलं कायम दोन मोठ्यांच्या मध्ये: एक मोठं माणूस सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. संध्याकाळपर्यंत रेंगाळू नये.

या दिवसांत गवताची कुसळं पिकायला लागलेली असतात आणि ती सुती मोज्यांत घुसून बसतात. टोचलेलं कुसळ सरळ मागे ओढलं तर निघत नाही, त्याच्या टोकावरचे केस उलटे असतात. मोज्याच्या आतल्या बाजूने पुढे ढकलून काढावं. पायाला गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घालून ती मोज्यांवरून खाली सोडली की निम्मा त्रास वाचतो. काढलेलं एक कुसळ फेकून न देता मुलांसमोर तळहातावर ठेवलं आणि त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. पीळ पडलेली लांब शेपटी भिजली तशी उलगडायला लागली आणि अख्खं कुसळ हातावर हळूहळू गोल फिरलं. जमिनीवर पडलेलं बी पावसाने याच तऱ्हेने स्वतःला मातीत स्क्रूसारखं आवळून घेतं. पुढचा अर्धा तास सगळ्यांनी कुसळं गोळा केली.

माथ्यावरून एका बाजूला इंदूरची घरं आणि दुसरीकडे शेतं दिसतात. डबा तिथेच उघडला: दशम्या, लसणाची कोरडी चटणी, केळी. दशमी दुधात भिजवलेली असल्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहते. पोळी तेवढी राहत नाही. चालताना मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात दाणा अडकायची भीती खरी आहे. राजगिऱ्याचा लाडू द्या, पण बसवून. चकली आणि शेव परतीसाठी ठेवा, कारण खारट खाल्लं की पाणी दुप्पट लागतं. पाण्याचं प्रमाण: दोन तासांच्या चालीला मुलामागे अर्धा लिटर, मोठ्यांमागे एक लिटर, आणि एक बाटली हातपाय धुवायला वेगळी.

गुरुवार: दसरा

चालणं नाही. सुट्टीच्या मध्ये एक असा दिवस मुद्दाम ठेवावा, मुलांच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी भरून येतात. सकाळी टाचा तपासल्या. लाल झालेल्या जागेवर फोड यायच्या आतच कागदी चिकटपट्टी लावली तर पुढचे दिवस सुखाचे जातात. फोड आलाच तर फोडू नये. नवे बूट सहलीला पहिल्यांदा कधीच घालू नयेत. आधी आठवडाभर घरात आणि बागेत वापरावेत, आणि मूल उभं असताना पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहते का ते दाबून बघावं. संध्याकाळी सोनं वाटायला आपट्याची पानं बाजारातूनच आणली. जंगलातल्या आपट्याच्या फांद्या ओरबाडू नयेत, हे मुलांना आदल्या दिवशी टेकडीवरच सांगून झालं होतं.

शुक्रवार: गुलावट

हातोदच्या बाजूला, यशवंत सागर धरणाच्या फुगवट्यावर गुलावट गाव आहे. इथलं पाणी कमळांनी भरलेलं असतं. तीन वर्षांच्या मुलासाठी या सगळ्यांत सोपी वाट हीच: सपाट, बांबूच्या बनाची सावली, आणि हवं तिथून मागे फिरता येतं. फक्त उशिरा जाऊ नका. कमळ पहाटे उमलतं आणि उन्हं तापली की मिटायला लागतं. साडेसातला पोचलात तर सगळा तलाव उघडा दिसतो, अकरानंतर नुसती पानं आणि गर्दी.

होडीवाला पोरगा विशीचा असेल. त्याने मुलांना एक फूल तीन-चारच दिवस उमलतं-मिटतं हे सांगितलं आणि पाकळ्या गळलेली, शॉवरच्या तोटीसारखी दिसणारी बोंडं दाखवली. त्या प्रत्येक भोकात एक बी असतं. मग त्याने ओंजळभर पाणी पानावर टाकलं. पाणी पसरलं नाही, त्याच्या गोळ्या झाल्या, पान हलवलं की गोळ्या धावायच्या, एकमेकींत मिसळून मोठ्या व्हायच्या आणि पानाच्या मधोमध येऊन थांबायच्या. पानावर बोट फिरवलं तर ओलं लागत नाही, मेणचट, खरबरीत लागतं. पाच वर्षांच्या मुलाला होडीतून उतरवणं कठीण झालं.

होडीत बसण्यापूर्वी जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते बघा. घातल्यावर खांद्यापाशी धरून वर उचलायचं. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मापाचं नसेल तर होडी सोडून द्या. काठावरही मूल हाताच्या अंतरावर हवं. कमळाच्या पानांखाली पाणी किती खोल आहे ते वरून दिसत नाही, आणि देठांच्या गुंत्यात पाय अडकतात.

यशवंत सागर गंभीर नदीवर आहे. २०२२ साली तो आणि शहरातला सिरपूर तलाव असे दोन्ही जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. सारस क्रौंचासाठी तो प्रसिद्ध आहे. पक्षी बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी अधिक बरा, थंडीतले पाहुणे तेव्हा पुरते आलेले असतात.

बांधाबांधाने चालताना काळ्या मातीच्या भेगांकडे लक्ष ठेवावं. पाऊस गेल्यावर माळव्याची जमीन अशी फाटते की लहान मुलाचं अख्खं पाऊल भेगेत जातं. गवताने झाकलेली भेग तर दिसतही नाही. अशा जागी पुढच्या मोठ्या माणसाने काठी टेकवत जावं.

एका शेतावर सोयाबीनची मळणी चालली होती. थ्रेशरपासून मुलांना चांगलं वीस-पंचवीस पावलं लांब उभं केलं. उडणारा भुसा डोळ्यांत जातो आणि ओढणी-सदऱ्याची टोकं पट्ट्यात सापडू शकतात. मळणीवरच्या काकूंनी मुलांच्या हातात मूठ-मूठ सोयाबीन दिलं, ‘घरी कुंडीत लावा’ म्हणून.

शनिवार: पाताळपाणी ते कालाकुंड

शुक्रवारी रात्री परतीच्या पावसाची चांगली दीड तासाची सर आली आणि सकाळचा बेत थोडा बदलावा लागला. पाताळपाणीच्या अलीकडे शेतांतून चालायचं ठरलं होतं ते सोडलं. ओली काळी माती बुटाला लागली की दर पावलाला नवा थर चढतो. मोठ्यांना ते नुसतं त्रासाचं, पण मुलाचा बूट पायातून निघून चिखलातच राहतो. पाऊस पडून गेला असेल तर मुरमाचीच वाट धरावी, मुरूम तासा-दोन तासांत पाणी पिऊन टाकतो.

महूहून पाताळपाणी अगदी जवळ. चोरल नदी इथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते आणि रात्रीच्या सरीमुळे धबधबा भरून वाहत होता. कठड्याच्या आतूनच बघायचा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी घोट्याएवढं दिसतं आणि खडक सपाट आहेत, तिथे मुलांना अजिबात उतरवू नये. जुलै २०११ मध्ये इथेच उथळ पाण्यात उभ्या असलेल्या एका कुटुंबावर अचानक लोंढा आला आणि जीव गेले. कारण समजून घेतलं पाहिजे: पाऊस वर कुठेतरी डोंगरात पडतो, इथे ऊन असतं, आणि कातळावर पाणी मुरत नसल्यामुळे सगळा लोंढा एकदम येतो. पाणी गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहत येणं, आवाज जड होणं या तीनपैकी एकही खूण दिसली की सामान सोडून वर यायचं. ही सूचना मुलांनाही पाठ असावी.

स्थानकाजवळच टंट्या मामांचं देऊळ आहे. टंट्या भिल्ल या बंडखोराला इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिलं. गाड्यांचे चालक इथे मामांना सलामी देतात, ही जुनी रीत. स्थानकापासून देवळापर्यंतची पायपीट छोटीच आहे आणि सावकारांचं लुटून गोरगरिबांना वाटणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत गेलं तर मुलं दुप्पट वेगाने चालतात. रुळांवरून मात्र चालायचं नाही, गाडी नसली तरी. फोटोसाठी बोगद्यात शिरणारे लोक दिसतात, त्यांच्यामागे मुलांना जाऊ देऊ नका.

पाताळपाणी ते कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा मीटरगेज टप्पा २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी म्हणून चालतो. १८७० च्या दशकातली ही लाइन, तिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. उतार चाळीसास एक: गाडी चाळीस फूट पुढे गेली की एक फूट खाली. चार बोगदे लागतात. तीन वर्षांच्या मुलीला पहिल्या बोगद्याआधी ‘आता अंधार, मग दहा आकडे म्हणायचे, मग उजेड’ असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या बोगद्यापासून आकडे सगळा डबा म्हणायला लागला. ही गाडी वर्षभर रोज धावत नाही, दिवस आणि वेळा बदलतात. वेळापत्रक पाहून तिकिटं आधी काढावीत. गाडी थांबते तिथे माकडं दाराशी येतात. हातात खाऊ धरलेल्या मुलाला ती ओरबाडतात, म्हणून खाऊ पिशवीत आणि पिशवीची चेन बंद. माकडांना खायला घालू नये, तेवढ्यानेच ती धीट झाली आहेत.

कालाकुंड म्हणजे एक टुमदार स्थानक, थोडी घरं आणि मागे चोरल. परतीच्या गाडीपर्यंत मिळणारा वेळ मुलांच्या नदीकाठच्या चालीला अगदी पुरेसा आहे. फलाटावरून खाली उतरलं की सागाची आणि पळसाची झाडी, मग गोट्यांचं पात्र. त्या दिवशी पाणी वाढलेलं होतं, म्हणून काठावरच्या कोरड्या गोट्यांपलीकडे कुणालाही सोडलं नाही. करडा दिसणारा बेसाल्ट कोरडा आणि भरवशाचा, काळा चकचकीत दिसला की ओला, हिरवट झाक असली की शेवाळ: हे तीन रंग ओळखून पाय ठेवायचा खेळ केला. गोट्यांमध्ये पांढऱ्या गारगोट्या पुष्कळ सापडतात. दोन गारगोट्या घरी आणून रात्री पांघरुणात एकमेकींवर जोरात घासल्या की आतून पिवळसर उजेड चमकतो आणि जळकट वास येतो. डोळे लांब ठेवायचे आणि घासायचं काम मोठ्यांनी करायचं, कपच्या उडतात.

काठावरच्या झुडपांत तपकिरी मखमली शेंगा लोंबताना दिसल्या तर लांबून जा. ती खाजकुइली. लव अंगाला लागली तर चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, मग कपडे बदलावेत. सीताफळं मात्र भरपूर होती, एका आजीबाईंकडून टोपलीभर घेतली. डोळे फुगलेलं, खाचा पांढरट पडलेलं फळ दोन दिवसांत पिकतं. मुलांच्या घशात बिया जाऊ नयेत म्हणून गर आधी वाटीत काढून द्या.

आणि कलाकंद. पळसाच्या पानावर मिळणारा इथला कलाकंद रवाळ, कमी गोड आणि जरा खरपूस असतो. सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. विकणाऱ्या काकांनी मुलांना पहिली गोष्ट सांगितली ती ही: ‘पत्ता इधर-उधर फेंकना मत, टोकरी में डालो, गाय खा लेगी.’ घरी न्यायचा असेल तर निघताना अगदी शेवटी घ्या आणि संध्याकाळपर्यंत संपवा. दुधाचा जिन्नस आहे, ऑक्टोबरच्या उकाड्यात टिकत नाही.

रविवार: जानापाव

महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावरून जानापावचा फाटा लागतो. रस्ता जवळजवळ माथ्यापर्यंत जातो. वळणांवर मुलांना मळमळतं, म्हणून निघताना पोहे अर्धपोटी आणि दूध अजिबात नाही. पायथ्याशी दहा मिनिटं गाडी थांबवून मोकळ्या हवेत उभं केलं तर बहुतेक निभावतं.

वर जमदग्नींचा आश्रम, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून मानलेली जागा आणि कुंड. चंबळ इथून निघते. इथून साडेसात नद्या निघतात असं लोक सांगतात, आणि त्यांत गुलावटची गंभीरही आली, कालाकुंडची चोरलही. मुलांना हे सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. मग वाळूत काटकीने नकाशा काढला: चंबळ आणि गंभीर उत्तरेकडे, पुढे यमुना, गंगा आणि बंगालचा उपसागर. चोरल दक्षिणेकडे नर्मदेला आणि अरबी समुद्राला. डोंगराच्या कण्यावर उभं राहून नऊ वर्षांच्या मुलीने बाटलीतलं पाणी थोडं इकडे आणि थोडं तिकडे ओतलं आणि दोन्ही समुद्रांची नावं मोठ्याने घेतली. मग प्रत्येकालाच ओतायचं होतं. जास्तीची एक बाटली याचसाठी न्यावी.

चालायला गवताळ कण्यावरची वाट घ्यावी, जाऊन-येऊन दीड-दोन किलोमीटर पुरे. सावली जवळजवळ नाही, टोप्या हनुवटीखाली बांधता येतील अशाच हव्यात, वाऱ्याने साध्या टोप्या दरीत जातात. कड्याच्या बाजूला मोठं माणूस, डोंगराच्या बाजूला मूल, ही एकच शिस्त, पण ती कडक पाळावी. उतारावर मुलं पळत सुटतात, तेव्हा एका मोठ्याने पुढे राहून गती अडवायची. उतारात बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं दुखतात, म्हणून नखं दोन दिवस आधी कापलेली असावीत आणि उतरण्यापूर्वी नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळाव्यात. कार्तिकी पौर्णिमेला इथे जत्रा भरते. तान्ह्यांना आणि लहानांना घेऊन तो दिवस टाळलेला बरा.

आजी कुंडापाशीच बसल्या. तिथे आलेल्या माळवी बायकांनी त्यांना जागा करून दिली, घरची मक्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे केला, आणि तासाभरात दोन्हीकडची सगळी नातवंडं, सुना, आजारपणं बोलून झाली. उतरल्यावर महूत पोहे-जिलबी. मुलांच्या पोह्यांवर जीरावन (वरून भुरभुरायचा इथला मसाला) बेताने घालायला सांगा.

एकच दिवस हाताशी असेल तर कालाकुंड करा. मूल तीनच्या आतलं असेल किंवा आजी-आजोबांना फार चालवत नसेल तर गुलावट. रालामंडळ थंडीत कुठल्याही सकाळी होतं, जानापाव मात्र एप्रिल-मे सोडून. पाऊस चालू असताना पाताळपाणीचा काठ मुलांसाठी नाही. परतल्यावर त्याच संध्याकाळी बूट-मोजे दाराबाहेरच उलटे करून झटका, गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड-किडे नाहीत ना बघा, आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना कोमट तिळाचं तेल लावा.